क्रीट बेटावर बाहेर जेवायचंय, सोबत अंडंही न खाणारी आई. काय मागवावं?

निळाई
नमस्कार मंडळी. आम्ही आइंडहोवनहून मे महिन्यात आठवडाभर ग्रीसच्या क्रीट बेटावर जातोय. आधी हान्या, मग रेथिम्नो. गाडी भाड्याने घेणार आहोत. आम्ही दोघं, सहा वर्षांची लेक आणि सांगलीहून आलेली माझी आई. नवरा सगळं खातो, मला अंडं चालतं. आईचं मात्र मांस-मासे नाही, अंडं नाही, दारूचा थेंबही नाही. तिला रोज ब्रेड, काकडी-टोमॅटो आणि फ्राईजवर ठेवायचं माझ्या जिवावर आलंय. ती कुरकुर करणार नाही, "मला फारशी भूक नाही" म्हणेल, आणि तेच मला नको आहे. त्यात मधे तिची एकादशी येते. हॉटेलांची नावं नसली तरी चालेल, टॅव्हर्नामध्ये (तिथल्या घरगुती खाणावळीत) बसल्यावर नेमकं काय मागायचं ते सांगा.

खडीसाखर
आम्ही युरोपात फिरताना मेथीचे ठेपले, दाण्याची चटणी आणि छोटा राइस कुकर बरोबर ठेवतो. सासूबाई सोबत असल्या की एक वेळचं जेवण खोलीवरच. सगळ्यांच्या जिवाला शांतता राहते.

पाणवठा
निळाई, ठेपले विमानासाठी जरूर घ्या, पण कुकर घरी राहू द्या. आम्ही अथेन्सला राहतो, सुट्टीत क्रीटला जाणं होतं आणि माझी आईही तुमच्या आईंसारखीच आहे. तिथे शाकाहारी माणसाला फार चांगलं जेवायला मिळतं. फक्त ते मेनूकार्डाच्या फोटोवाल्या पानावर नसतं.

क्रीटच्या खेड्यांतलं पिढ्यान्‌पिढ्यांचं रोजचं जेवण म्हणजे ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या, कडधान्यं, रानातला पाला आणि सातूचे कडक टोस्ट. मांस सणावारी. १९५८ साली सुरू झालेल्या सात देशांच्या आरोग्य-पाहणीत हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वांत कमी आढळले ते इथल्या गावकऱ्यांमध्ये, ते हे जेवण जेवत होते म्हणून भूमध्य आहाराचा एवढा बोलबाला झाला. हे जेवण आजही मिळतं, आपण मागायला हवं.

टॅव्हर्नात गेलात की 'लादेरा' काय आहे ते विचारा. तेल-टोमॅटोत मंद शिजवलेल्या भाज्यांना ते लोक असं म्हणतात. फासोलाकिया (फरसबी), ब्रियाम (वांगी, झुकिनी, बटाटे एकत्र भाजलेले), यीगांतेस (घेवड्याचे चांगले मोठे पांढरे दाणे, टोमॅटोत भाजलेले), येमिस्ता (भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळ्या मिरच्या). फावा नक्की घ्या. पिवळ्या डाळीचं घोटलेलं घट्ट वरणच ते, वर कच्चा कांदा, लिंबू आणि तेल. माझ्या आईने पहिल्या घासाला मान डोलावली आणि तेव्हापासून तिचं तिकडे बरं चालतं.

एक गोष्ट फार महत्त्वाची. या भाज्या सकाळी मोठ्या ट्रेमध्ये होतात आणि दुपारी दीड-दोनच्या सुमाराला सगळ्या शिल्लक असतात. रात्री नवापर्यंत निम्म्या संपतात, मग उरतं ग्रिलचं मांस आणि फ्राईज. म्हणून आईंचं मुख्य जेवण दुपारी ठेवा. बऱ्याच ठिकाणी ट्रे काचेमागे मांडलेले असतात. आईंनाच पुढे घेऊन जा आणि बोट दाखवून मागवू द्या. मालकीणबाई स्वतः येऊन सांगतात यात काय घातलंय. नाही सांगितलं तर न संकोचता विचारा, तिथे त्याचं कोणाला वाईट वाटत नाही.

दाकोस तर रोज खा. सातूचा जाड, दगडासारखा टोस्ट पाण्याखाली जेमतेम धरतात, त्यावर किसलेला टोमॅटो, मग मिझिथ्रा नावाचं पांढरं मऊ चीज, चुरडलेला ओरेगानो आणि हात सैल सोडून तेल. आल्या आल्या तुटून पडू नका, पाच मिनिटं थांबा. टोमॅटोचा रस खालपर्यंत मुरला की कडा कुरकुरीत राहतात आणि मधला भाग मऊ होतो.

चकवा
पाणवठा यांच्याशी पूर्ण सहमत. पण शाकाहारी दिसणाऱ्या आणि शाकाहारी नसणाऱ्या पदार्थांबद्दल लिहितो, कारण याची माहिती कुठे एकत्र मिळत नाही.

गामोपिलाफो. लग्नातला भात. दिसायला अगदी मऊ पांढरा भात, वर लिंबू, एकही तुकडा दिसत नाही. तो शिजतो मात्र मटण-कोंबडीच्या रश्श्यात. आईंना भात दिसल्याचा आनंद होईल, म्हणून आधीच सांगून ठेवा.

तारामोसालाता ही गुलाबी किंवा पांढुरकी चटणी माशांच्या अंड्यांची असते. पानात गुंडाळलेल्या भाताच्या डोल्मादेसमध्ये कधी खिमा असतो, आणि वर पिवळसर सॉस असेल तर तो अव्गोलेमोनो, म्हणजे अंडं-लिंबाचा. येमिस्तामध्येही खिमा असू शकतो. पालक किंवा चीजच्या पाईमध्ये आणि कालित्सुनिया नावाच्या छोट्या पाईंमध्ये अंडं बऱ्याचदा असतं, सारणात नसलं तरी वरून पुसलेलं असतं. ग्राव्हिएरासारखी मुरलेली चीजं साधारणपणे प्राण्यांच्या रेनेटने (वासरा-कोकरांच्या जठरातून काढलेल्या, दूध फाडणाऱ्या द्रव्याने) बनवतात. तेवढं काटेकोर पाळत असाल तर चीज बाजूला ठेवून लादेरा आणि कडधान्यांवर राहा, पोट भरेल.

फ्राईजचं तेल चांगलं असतं, पण त्याच तेलात कालामारी (माकुळ) तळलेले असू शकतात. विचारून घ्या.

आणि 'शाकाहारी' म्हणण्यापेक्षा 'निस्तीसिमो' म्हणा. ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपवासाला चालणारं अन्न ते. त्यात मांस, मासे, अंडी, दूध काहीच नसतं, आणि हे म्हाताऱ्या आजीपासून पोरगेल्या वेटरपर्यंत सगळ्यांना कळतं. फक्त कोळंबी, माकुळ, ऑक्टोपस उपवासाला चालतात, तेव्हा "समुद्रातलंही काही नको" हे जोडायचं.

निळाई
भाताचं ऐकून धस्स झालं. तिने तो नक्की मागवला असता. निस्तीसिमो लिहून पाठ करून घेते. एकादशीचं कोणी सांगेल का? आणि नवऱ्याला ताजा मासा खायचाय, बंदरावर खावा का?

ओटीवर
एकादशी सोपी आहे. मेंढीच्या दुधाचं दाट दही, वर मध आणि अक्रोड, हे नाश्त्याच्या कुठल्याही ठिकाणी मिळतं. टॅव्हर्नात उकडलेले बटाटे मागा, वर मीठ आणि लिंबू. फळांसाठी हान्याचा शनिवारचा बाजार गाठा, जुन्या तटबंदीलगत मिनोओस रस्त्यावर भरतो. मेमध्ये स्ट्रॉबेरी आणि लोकाट असतात, शिवाय बेटावरच पिकणारी छोटी गोड केळी. आमच्या घरच्यांनी ती केळी विमानात सुद्धा बरोबर घेतली होती.

माशाचं: मेनूवर भाव किलोचा असतो. मासा आधी बघायचा, आपल्यासमोर वजन करून घ्यायचं, रक्कम विचारायची आणि मग हो म्हणायचं. पदार्थापुढे चांदणी असेल तर माल गोठवलेला असतो, हे तिथे लिहावं लागतं. हान्याच्या व्हेनिशियन बंदराच्या कडेला संध्याकाळी चहा-कॉफी घ्या, दृश्य डोळ्यांचं पारणं फेडणारं आहे. जेवायला मात्र मागच्या गल्ल्यांत स्प्लांत्झियाकडे वळा. चौकात मोठं झाड आहे, समोर सेंट निकोलस चर्च, ज्याला घंटाघरही आहे आणि मिनारही. लेकीला मोकळं पळायला जागा मिळते.

ब्रेड न मागता येतो आणि माणशी थोडे पैसे लावतात. नको असेल तर आल्या आल्या सांगा. बिल छापील घ्या. पावती मिळाली नाही तर ग्राहकाने पैसे देण्याची सक्ती नाही, हे मेनूवरच लिहिलेलं असतं.

पाणवठा
नवऱ्यासाठी अजून एक. मटण खायचं असेल तर हान्याहून वर थेरिसोला जा. वाट घळीतून जाते. १९०५ साली क्रीटचा पुढारी व्हेनिझेलोस याने उठाव केला ते हेच गाव, आणि आता मटणासाठी लोक रविवारी तिथे गर्दी करतात. आगीभोवती सळ्या उभ्या करून भाजलेलं कोकरू, त्याला आंदिक्रिस्तो म्हणतात. तिथेच आईंसाठी बुरेकी मागवा: झुकिनी, बटाटे, मिझिथ्रा आणि पुदिना थर लावून भाजलेलं. हान्या भागाचा खास पदार्थ आहे. अंडं घातलंय का एवढं विचारा, बहुतेक ठिकाणी घालत नाहीत.

हान्यात सकाळी बुगात्सा खा. इओर्दानिसचं दुकान १९२४ पासून हेच विकतंय. खारट चीजची गरम पापुद्र्याची पाई, तुकडे करून देतात, हवी तर वर साखर. लेक साखरेच्या बाजूने राहील.

स्फाकियाची पिता मात्र जपून. चीज भरलेली पातळ पोळी, वर मध, आईंना आवडेल अशीच. पण तिच्या पिठात थोडी राकी (तिथली द्राक्षांची कडक दारू) घालायची पद्धत आहे. आधी विचारून मगच त्यांच्यापुढे ठेवा.

निळाई
सगळ्यांचे मनापासून आभार, आता आईला घेऊन जायची भीती राहिली नाही. शेवटचं एक: जेवणानंतर राकी फुकट आणून ठेवतात म्हणे, नाकारली तर अपमान होतो का?

चकवा
नाही हो. छोटी सुरई आणि सोबत फळं किंवा गोड येतं, यजमानाकडून असतं. नवरा घेईल तेवढी घेईल, आईंनी छातीवर हात ठेवून मान हलवली तरी पुरे, ते हसून गोडाची ताटली त्यांच्याकडे सरकवतात. त्या ताटलीत केक असेल तर अंड्याचं विचारा, नाहीतर कलिंगड घ्यायला सांगा.

आणि मेच्या सुरुवातीला जाणार असाल तर आर्टिचोक आणि ओल्या वालासारख्या शेंगांची (कुक्या) भाजी मिळते, तीही तेलात शिजवलेली. महिनाअखेरीस ते संपतं, दिसेल त्या दिवशीच मागवा.