मालिकेतला सरपंच गावात खरंच उभा राहिला तर?

मोरेवाडीचा_खलनायक:
मंडळी, जरा सल्ला पाहिजे. मी कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातला. गेली तीन वर्षं एका मालिकेत सरपंच करतोय, तोही गायरान लाटणारा, लोकांच्या मागं गुंड लावणारा. शूटिंग मोरेवाडीच्या चित्रनगरीत, त्यामुळं रात्री मुक्कामाला गावातच असतो. आता आमचं सरपंचपद सोडतीत सर्वसाधारण निघालंय. दोन्ही गटांना वैतागलेली पोरं मागं लागलीत, "तूच उभा राहा, तुला ओळख करून द्यायचा खर्चच नाही." आई म्हणते, टीव्हीवर शिव्या खातोस तेवढ्या कमी पडतात व्हय? मला मोह झालाय, खोटं कशाला बोलू. नट असून गावकारभार केलेलं कुणी आहे का इथं? दोन्ही जमतं का?

पाणंद_रस्ता:
थेट सरपंच, म्हणजे सदस्यांनी नाही तर गावानंच मत देऊन निवडलेला, २०१७ ला आला, २०२० ला गेला, २०२२ ला परत आला. त्यामुळं चेहरा चालतो हे खरं. पण सदस्य प्रभागातनं येतात. तू एकटा निवडून आलास आणि बहुमत समोरच्या गटाचं झालं, तर प्रत्येक ठरावाला हात वर करायला माणसं शोधत फिरशील. आमच्या शेजारच्या गावात गटारीच्या पाईपा दीड वर्ष शाळेच्या पटांगणात पडून होत्या, पोरं त्यात लपाछपी खेळायची. आधी पॅनेल बांध, फ्लेक्स नंतर.

जुना_हवालदार:
मी दोन्ही केलंय, म्हणून लिहितो. लांबलं तर सोसा.

सिनेमात मी कायम हवालदार, नाहीतर पाटलाचा माणूस. जयप्रभा स्टुडिओत ट्रॉली ढकलत होतो. एक दिवस हवालदार आला नाही आणि त्याची टोपी माझ्या डोक्याला बरोबर बसली, एवढंच माझं भाग्य. माझे सगळे संवाद मिळून एक दोनशे पानी वही भरणार नाही. पुढं कामं आटली, गावात आलो, दूध संस्थेत रमलो आणि २०१७ ला थेट सरपंच झालो.

पहिली ग्रामसभा. ग्रामसेवक घाबरलेला, गणपूर्ती होणार का म्हणून. (मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातलं जे कमी तेवढी माणसं हजर लागतात.) मी म्हटलं, बघाच तुम्ही. माईक घेतला आणि हवालदाराचा एक प्रवेश करून दाखवला. पार भरला, शिट्ट्या पडल्या. मग विषय निघाला पाणीपट्टीवाढीचा. दहा मिनिटांत समोर चौदा माणसं, त्यातली तीन माझ्या घरातली. सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, पण नवा विषयही घेता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. नंतर पाच वर्षांत सभेत एकदाही नक्कल केली नाही. लोक रुसले. रुसू देत.

दुसरी अडचण तुला कुणी सांगणार नाही. नट खरं बोलला तरी ते लोकांना नाटक वाटतं. २०१९ चा ऑगस्ट. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी कधीच मागं पडलेली. रात्री अडीच, लाईट गेलेली, देवळावरचा भोंगा मुका. आमच्या नदीकडच्या गल्लीत दारोदार हाका मारत फिरलो. माईकशिवाय शेवटच्या रांगेला ऐकू जाणारा आवाज, तो तिथं कामाला आला. एका म्हातारीनं मात्र आतनंच सुनावलं, "ह्याची नाटकं सुरू झाली बघा." २००५ ला पाणी तिच्या पायरीला शिवलं नव्हतं, म्हणून ती निवांत. मी गप तिच्या उंबऱ्यावर बसलो. तासाभरात पायरी ओली झाली, तेव्हा तिनं दावं सोडलं आणि म्हैस माझ्या हातात दिली.

पण मला सलतं ते वेगळंच. ४ मे २०२२ ला शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारनंही बाकीच्या ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. आम्हीही ठराव घेतला. मी भाषण केलं, जन्मात तेवढं चांगलं कधी बोललो नव्हतो. बायका रडल्या, ठराव एकमतानं, टाळ्या. तीन आठवड्यांनी माझ्याच भावकीत माणूस गेला. अंगणात त्याच्या बायकोच्या बांगड्या फोडल्या तेव्हा मी दहा फुटांवर उभा होतो. तोंडातनं शब्द फुटला नाही. जी बाई फोडायला पुढं झाली, ती सभेत पहिल्या रांगेत रडत होती.

दिवस झाल्यावर भेटायला गेलो. वहिनीनं चहा दिला आणि म्हणाली, "भावजी, त्या दिवशी माईक नव्हता व्हय?"

असो. शूटिंगचं विचारलंस. दाखल्याला माणूस सकाळी सातला दारात येतो आणि तुझा कॉलटाइमही सातचा असणार. त्यातनं पैसा कुठं खर्चायचा हेही बरंचसं ठरलेलं. माझ्या वेळी पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतले ६० टक्के बंधित होते, म्हणजे पाणी आणि स्वच्छता सोडून हात लावायचा नाही. पोरं मागायची व्यायामशाळा.

गावाकडची_मास्तरीण:
काका, वाचून गलबलून आलं.
खलनायकदादा, खुर्चीच पाहिजे असं कुठाय? निळू फुल्यांनी पडद्यावर बेरकी पुढारी केले, पण माणूस आयुष्यभर राष्ट्र सेवा दलाचा. डॉ. श्रीराम लागूंबरोबर नाटकाचे प्रयोग करून, कार्यकर्त्यांना मानधन देणाऱ्या सामाजिक कृतज्ञता निधीला पैसे उभे केले. नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुऱ्यांनी २०१५ ला 'नाम' फाउंडेशन काढलं ते दुष्काळातल्या शेतकऱ्यांसाठी. तुमच्या गावचं एक तळं गाळ काढून द्या, बघू आधी.

पाणंद_रस्ता:
मास्तरीणबाई, गाळ काढायलाही ग्रामपंचायतीचा ठराव लागतो.

मोरेवाडीचा_खलनायक:
हवालदारकाका, तुमचं वाचून आईला दाखवलं. ती म्हणाली, ह्या माणसाला जेवायला बोलव. एक विचारू? तुम्ही परत उभे राहिलात का?

जुना_हवालदार:
नाही रे. २०२२ च्या डिसेंबरात ती वहिनीच आमच्या प्रभागातनं उभी राहिली. कपाळाला कुंकू लावून अर्ज भरायला गेली, त्यावरनं भावकीतली निम्मी मतं गेली. प्रचाराच्या रिक्षात मी ड्रायव्हरशेजारी, माईक तिच्याकडं. सुरुवातीला हात थरथरायचा, म्हणून एवढंच सांगितलं की माईक हनुवटीला टेकव. अकरा मतांनी पडली. पुढच्या वेळी परत अर्ज भरणार म्हणते.

जेवायला येतो. पांढरा रस्सा असला तर आधी कळव. आणि तुझी मालिका अजून किती दिवस चालणार, ते निर्मात्याला आधी विचारून घे. गावात निवडून आलास आणि पडद्यावर गायरान लाटतच राहिलास, तर त्या म्हातारीसारख्यांना काय सांगशील?