बहिणीची हक्कसोडपत्रावर सही आहे, तरी घर माझं म्हणायला जीभ रेटत नाही

शाहूपुरीकर

सर्वांना सलाम. मी कोल्हापूरचा, ख्रिस्ती, वय 58. उद्यमनगरात लेथचं लहान वर्कशॉप आहे. घर शाहूपुरीत, व्यापारी पेठेच्या मागच्या अंगाला, वडिलांनी बांधलेलं. वडील 2009 ला गेले, मृत्युपत्र केलं नव्हतं. मागे आई, मी आणि धाकटी बहीण. बहीण मिरजेला दिलेली, तिकडेच नर्स होती, आता रिटायर झालीय.

2012 ला मला नवीन मशीनसाठी कर्ज पाहिजे होतं. बँकेत म्हणाले, प्रॉपर्टी कार्डावर तीन नावं आहेत, एकच नाव करून आणा. म्हणून आई आणि बहीण दोघींचं हक्कसोडपत्र केलं. बहिणीला एक रुपया दिला नाही, तिनं मागितलाही नाही. कर्ज मिळालं आणि फिटलंही.

आई 2021 ला गेली. आता बिल्डर जागेचे 1 कोटी 20 लाख देतोय. मिसेसचं म्हणणं, मुलाच्या पुण्याच्या फ्लॅटचं कर्ज एकदाचं फेडून टाकू. दशमांश, म्हणजे देवाचा दहावा हिस्सा, म्हणून 12 लाख मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, छपराला देतो, असं मी पाळकसाहेबांना बोलूनही बसलो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. त्या रात्रीपासून मला झोप नाही.

गेल्या महिन्यात चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घ्यायला मी जागेवरून उठलो नाही. शेजारच्याला म्हटलं, गुडघा धरलाय. गुडघा धरला नव्हता.

आईवडिलांना मी सांभाळलं. घरपट्टी मी भरली. 2013 ला स्लॅबवर सहा लाख घातले. कागद माझ्या बाजूनं आहे. तरीपण विचारतो, शास्त्राप्रमाणे हे घर कोणाचं?

गडहिंग्लजचा_गडी

भाऊ, उगाच जिवाला लावून घेताय. आपल्याकडं कुठली बहीण भावाकडं वाटा मागते? माझ्या तिन्ही बहिणींनी सही केली आणि आजही दिवाळी-नाताळला येतात, चार दिवस राहून जातात. तुमच्या बहिणीला चांगली साडी घ्या, दोन-तीन तोळ्यांचं काहीतरी करा, ती खूश होईल. जुनं उकरून काढलंत तर दाजी जागे होतील, मग कोर्टकचेरी.

आणि शास्त्राचंच म्हणाल तर प्रभूनंही वाटणीत पडायला नकार दिलाय. बायबलमधलं लूक 12 वाचा. एक जण येऊन म्हणाला, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. येशूनं त्याला विचारलं, मला तुमच्यावर वाटणी करणारा कोणी नेमलं?

सायली_ॲडव्होकेट

कायद्याची बाजू थोडक्यात सांगते. आपल्या ख्रिस्ती लोकांना भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं सगळ्या मुलांना समान. मुलगा आणि मुलगी यांत त्या कायद्यात फरकच नाही. म्हणजे तुमचे वडील गेले त्या दिवशी आई, तुम्ही आणि बहीण, प्रत्येकाला घराचा तिसरा हिस्सा आला. तो तुम्ही दिलेला नव्हता, तिचाच होता.

केरळातल्या बहिणींना एवढंसुद्धा सहज मिळालं नाही. तिथल्या जुन्या त्रावणकोर संस्थानाच्या 1916 च्या कायद्यात मुलीला मुलाच्या हिश्श्याचा चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, जे कमी असेल ते. मेरी रॉय सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या आणि 1986 ला निकाल लागला की तिथल्या ख्रिस्ती मुलींनाही 1925 चाच कायदा. आपल्या आज्यांना तो आधीपासून होता. आपण तो हक्कसोडपत्रानं निकालात काढला.

नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र पक्कं असतं. तिनं समजून सही केली असेल तर आज ती काही मागू शकत नाही. मात्र फसवून किंवा चुकीचं सांगून सही घेतली असेल, तर ते समजल्यापासून तीन वर्षांत ती दस्त रद्द करायला दावा लावू शकते.

म्हणून एकच विचारते. सही करताना तिला काय सांगितलं होतं?

मिशन_कंपाउंडची_बाई

मी 31 वर्षं शाळेत शिकवलं. संडे स्कूलमध्ये लूकचा तो उतारा कितीदा घेतलाय.

गडहिंग्लजच्या भाऊंनी उतारा बरोबर सांगितला, पण एक वचन आधी थांबले. लगेच पुढं प्रभू म्हणतो, सगळ्या प्रकारच्या लोभापासून स्वतःला जपा. आणि बघा, त्या गोष्टीत दोन भाऊ आहेत. एक गर्दीत उभा राहून मागतोय. दुसरा तिथं नाहीच. वतन त्याच्या हातात आहे आणि तो घरी बसलाय. शाहूपुरीकर, तुम्ही तो दुसरा भाऊ आहात.

सगळं गमावलेल्या ईयोबाच्या पुस्तकाचा शेवट आपण फारसा वाचतच नाही. देवानं त्याला सगळं परत दिल्यावर त्यानं तिन्ही मुलींना त्यांच्या भावांबरोबर वतन दिलं. त्यांची नावंसुद्धा लिहून ठेवलीत, मुलांची नाहीत. गणना 27 मध्ये सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढं उभ्या राहून बापाची जमीन मागतात, आणि परमेश्वर म्हणतो, त्या बरोबर बोलतात.

आता दशमांशाचं. मार्क 7 काढा. आईबापाला जे द्यायचं ते माणसं कुर्बान म्हणून देवाला वाहून टाकत आणि मोकळी होत. प्रभू त्यांच्यावर केवढा चिडलाय ते वाचा. बहिणीच्या पैशातून छप्पर घालू नका. त्या छपराखाली बसून तुम्हाला गाणं म्हणता येणार नाही.

वकीलबाईंच्या प्रश्नाचं उत्तर मात्र द्या.

शाहूपुरीकर

दोन दिवस उत्तर लिहिलं नाही. आज लिहितो.

मी तिला सांगितलं होतं, कर्जापुरतं नाव काढतोय, कर्ज फिटलं की परत लावून घेऊ. तेव्हा माझ्या मनात खरंच तसं होतं का, हे मला आज सांगता येत नाही. कर्ज 2018 ला फिटलं. नाव लावलं नाही.

त्या दिवशी ती मिरजेहून सकाळच्या एसटीनं आली, नाइट ड्यूटी करून. चष्मा घाईत घरीच राहिला होता. रजिस्ट्रार ऑफिसात फोटो झाला, अंगठा झाला. कागद पुढं आल्यावर म्हणाली, दादा, मला दिसत नाहीय, कुठं करायची? मी बोट ठेवलं. प्रत्येक पानावर मी बोट ठेवलं आणि माझ्या बोटाखाली ती सही करत गेली. नंतर तिला मिसळ खायला घातली आणि स्टँडवर सोडलं.

आईला मी सांभाळलं असं वर लिहिलंय, तेही अर्धंच. 2019 च्या महापुरात घरात कमरेएवढं पाणी होतं. रस्ते सुरू झाल्यावर आईला मिरजेला नेलं, ती तीन महिने तिथंच होती. बेडसोर झाले होते, ते बहिणीनं बरे केले. मी रविवारी जाऊन बसून यायचो.

रक्कम किती धरू ते सांगा. आईनंही सही दिली होती म्हणून बहिणीचा तिसरा हिस्सा 40 लाख, की आई नाही म्हणून अर्धे 60? स्लॅबचे पैसे वजा करू का?

मिशन_कंपाउंडची_बाई

लिहिलंत हे फार चांगलं केलंत.

गणना 5 मध्ये नियम आहे. आधी कबूल करायचं, मग घेतलेलं पूर्ण परत आणि वर पाचवा हिस्सा. लूकमधला जकातदार जक्कय तर, कुणाचं लुबाडलं असेल तर चौपट देतो म्हणाला. पण त्या दोन्ही ठिकाणी पैशाच्या आधी बोलणं आहे. तुम्ही 40 की 60 हे इथं आम्हाला विचारताय. हा हिशेब तिच्याशिवाय करायचा तुम्हाला काय अधिकार? एकदा तिच्याशिवाय केलात, तेवढा पुरे. स्लॅबची बिलंही तिच्यापुढं ठेवा. वजा करायचं की नाही ते ती सांगेल.

मत्तय 5 मध्ये प्रभू म्हणतो, भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर आधी जाऊन समेट कर, मग दान दे. तसं दान वेदीपुढं तसंच ठेवा आणि मिरजेची गाडी धरा. पाळकसाहेबांना सांगा, 12 लाखांचा शब्द तूर्त मागे घेतो. ते समजून घेतील. नाही घेतलं तरी जा.

सायली_ॲडव्होकेट

बिल्डरशी कुठल्याही कागदावर सही करण्याआधी जा. भावाकडून बहिणीला आलेल्या पैशावर तिला इन्कम टॅक्स लागत नाही. घरातला हिस्साच नावावर करायचा असेल तर बक्षीसपत्र करावं लागेल. भाऊ-बहिणीत ते मुलांना देण्याइतकं स्वस्त पडत नाही, मुद्रांक आधी विचारून घ्या.

शाहूपुरीकर

रविवारी उपासना झाल्यावर गेलो. मिसेस आली नाही. तिचा राग अजून आहे, आणि मुलाच्या हप्त्यांची तिला काळजी आहे, तीही खोटी नाही.

हक्कसोडपत्राची नक्कल, स्लॅबची बिलं, बिल्डरचं पत्र, सगळं टेबलावर ठेवलं. दाजी उठून बाहेर व्हरांड्यात गेले. बहिणीनं चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली. ओळीखाली बोट धरून, स्वतःचं. वीसेक मिनिटं गेली असतील. मी पंख्याकडं बघत होतो.

शेवटच्या पानावर स्वतःची सही बघून म्हणाली, "मला वाटायचं, नाव लागलं असेल." मी म्हटलं, नाही लागलं. मी खोटं बोललो. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, रक्कम आज सांगत नाही, मला विचार करू दे, आणि कागद इथंच ठेव.

कागद ठेवून आलो. बिल्डरला थांबायला सांगितलंय. तिचा फोन अजून आलेला नाही. मुद्रांकाचं उद्या विचारून येतो.