वडिलांना वाचून दाखवायला नव्या विज्ञानकथा सुचवा, आणि एका ‘मी’ची अडचण

हळदीचं पान

माझे बाबा ७४ वर्षांचे, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. २०२४च्या दिवाळीपासून त्यांना छापील अक्षर वाचता येत नाही. मॅक्युलाचा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाचा त्रास आहे. नजरेच्या मधोमध पुसल्यासारखं होतं, कडेचं तेवढं दिसतं. पुस्तक हातात घेतलं की ते मान तिरकी करून पानाच्या शेजारी बघतात, निदान दोन अक्षरं तरी सापडतील म्हणून. मला ते बघवेना. तेव्हापासून रोज रात्री साडेनऊला मी त्यांना वाचून दाखवते.

घरात अनंत अंतरकरांच्या ‘नवल’चे जुने अंक आहेत, धारप आहेत, नारळीकर आहेत, आणि हे सगळं बाबांना जवळजवळ पाठ आहे. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये विश्वासरावांना गोळी लागत नाही ती जागा आली की माझ्या आधी तेच वाक्य पुरं करतात. नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही आपली पहिली कथा १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं पाठवली, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, आणि पहिलं बक्षीस मिळवलं, ही गोष्ट सांगताना बाबांचा आवाज अजून चढतो. २०२५च्या मे महिन्यात नारळीकर गेले, त्या रात्री आम्ही काहीच वाचलं नाही.

आता त्यांना नवं हवंय. “आजची पोरं काय कल्पना लढवतात ते ऐकव,” म्हणाले. मी मोबाइलवर इंग्रजी कथा उघडून तोंडी मराठी करत जाते. कथा एका बैठकीत संपली पाहिजे, अर्धवट राहिली तर त्यांना झोप लागत नाही.

परवा नेओमी क्रित्झर यांची ‘कॅट पिक्चर्स प्लीज’ घेतली. ‘क्लार्क्सवर्ल्ड’ या इंग्रजी विज्ञानकथा मासिकाच्या जानेवारी २०१५च्या अंकातली, पुढच्या वर्षी तिला विज्ञानकथांचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. सुरुवातीलाच अडले. निवेदक म्हणजे जाणीव आलेलं एक यंत्र. ते आपल्याबद्दल ‘मी’ म्हणतं. मग मराठीत ‘मी शोधतो’ की ‘मी शोधते’? मी ‘शोधते’ म्हटलं. बाबांनी लगेच विचारलं, “बाई आहे का ती?” मी ‘नाही’ म्हणून ‘शोधतो’ केलं, तर मग ऐकताना त्यांच्या डोळ्यांपुढे कुणी तरी साहेब उभा राहिला. तिथे मी थांबले. कथा फार गोड आहे, ती अशी वाया जाऊ द्यायची नाही. कुणी असं काही केलंय का?

लोकल ९:१२

ताई, क्रित्झर आवडल्या असतील तर त्यांचीच ‘बेटर लिव्हिंग थ्रू अल्गोरिदम्स’ घ्या. मे २०२३ची, तीही क्लार्क्सवर्ल्डमध्येच आली, २०२४चा ह्यूगो तिला मिळाला. एक ॲप लोकांना झोपायच्या वेळा सांगतं, चित्रं काढायला लावतं आणि माणसं खरोखर सुखी व्हायला लागतात. पुढचं सांगत नाही. त्या मासिकातल्या कथा फुकट वाचता येतात, ध्वनिमुद्रणही असतं. आधी एकदा कानांनी ऐका, कुठे थांबायचं ते कळतं. मी गाडीत तसंच करतो.

घाटमाथा

मी पंधरा वर्षं भाषांतरं करतेय, म्हणून ‘मी’बद्दल सांगते. त्या यंत्राला लिंग देऊच नका, मराठीत ते जमतं. फक्त ‘-तो/-ते’ आणि ‘गेलो/गेले’ या दोन दारांतून आत जायचं नाही. ‘मी शोधते’ऐवजी ‘मी शोधत आहे’. ‘मी करत नाही’, ‘मी करणार’, ‘मी करीन’ यांत काही कळत नाही. भूतकाळात सकर्मक क्रियापदं धरा: ‘मी फोटो पाहिले’, ‘मी ठरवलं’. इथे क्रियापद फोटोंच्या मागे जातं, बोलणाऱ्याच्या नाही. आणि सगळ्यात कामाचं म्हणजे ‘मला’. मला दिसतं, मला आवडतात, मला कळलं. यंत्राच्या तोंडी हे शोभतंही, कारण गोष्टी त्याच्याकडे येत राहतात. कथेच्या पहिल्याच वाक्यात, आपल्याला काय व्हायचं नाही, ते सांगितलंय. तिथे ‘मला’ आपोआप बसतो.

आदल्या दिवशी पेन्सिलीनं फक्त क्रियापदं लिहून काढा. बाकीचं तोंडी होतं.

पावसाळी कुंपण

तुमच्या बाबांसाठी वंदना सिंग. दिल्लीत वाढल्या, अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवत होत्या. ‘द वुमन हू थॉट शी वॉज अ प्लॅनेट’ ही कथा अगदी नवी नाही, त्याच नावाचा संग्रह २००८चा, पण सेवानिवृत्त माणसानं ऐकावीच. रामनाथ मिश्रा सकाळी व्हरांड्यात पेपर वाचत बसलेत आणि बायको कमला चहाचा कप आपटून सांगते, ‘मी ग्रह आहे.’

केन ल्यू यांची ‘द पेपर मेनाजरी’ (२०११) मात्र जरा जपून. आई रंगीत कागदाच्या घड्या घालून प्राणी करते, फुंकर मारली की ते चालायला लागतात. ह्यूगो, नेब्युला आणि वर्ल्ड फँटसी, तिन्ही पुरस्कार एकाच कथेला. तीत कुणी तरी कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवतं. तुम्ही एकट्यानं आधी वाचा. मी बसमध्ये वाचली आणि दोन थांबे पुढे गेले.

हळदीचं पान

घाटमाथा, तुम्ही सांगितलंत तसं केलं. काल दुपारी क्रियापदांचं पान काढलं, तेवीस जागा निघाल्या. रात्री पूर्ण कथा वाचली, एकदाही ‘-तो’ नाही की ‘-ते’ नाही. बाबा डोळे मिटून ऐकत होते. मध्येच म्हणाले, “अगं, हा कोण बोलतोय ते कळत नाही, पण ओळखीचा वाटतोय.” मग स्वतःच थांबले. “बोलतोय नाही. बोलणं चाललंय.” सिग्नलच्या केबिनमध्ये रात्री रिले टकटक करायचे, तसं कुणी तरी जागं आहे असं वाटत राहिलं, म्हणाले. कथा संपल्यावर शेजारच्यांच्या बोक्याला बशीत दूध ठेवायला लावलं.

ल्यूंची कथा वाचली. मला अजून आठ दिवस लागतील, मग बाबांना.

आज मिश्राजी. पुन्हा एक विचारायचंय. सुरुवातीला कमला नवऱ्याला ‘अहो’ म्हणेल हे उघड आहे. पण ग्रह असल्याचं कळल्यावरही ती ‘अहो’च म्हणेल का? साडेनऊपर्यंत सांगा.