चेतन चौहान: शतकाविना सलामीवीर

प्रश्न: ४० कसोटी, २०८४ धावा, १६ अर्धशतकं, शतक एकही नाही. तरी एवढे सामने कसे मिळाले?

उत्तर: १९७९, इंग्लंडविरुद्ध ओव्हल. लक्ष्य ४३८. गावसकरचे २२१ सगळ्यांच्या तोंडी, पण २१३ची सलामी झाली तेव्हा दुसऱ्या टोकाला चौहानच होता, ८० धावा काढून! नवा चेंडू जुना करून द्यायचा, हे त्याचं काम. ते धावफलकावर दिसत नाही हो.

दुसरं उत्तर: ऑस्ट्रेलियाविरुद्धचं मेलबर्न १९८१ विसरलात? पायचीत दिल्यावर भडकलेला गावसकर चौहानलाही घेऊन मैदानाबाहेर निघाला होता. व्यवस्थापकांनी सीमारेषेवरच अडवलं. चौहान ८५, सामना आपण ५९ धावांनी जिंकलो.

प्रश्नकर्ता: आणि शतकाच्या सगळ्यात जवळ कधी?

पहिले उत्तरकर्ते: त्याच दौऱ्यात, ॲडलेडला. ९७. ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज लिलीने घात केला.