ऊसट्रॉलीच्या रिफ्लेक्टरसाठी मदत हवी आहे
सांगली जिल्ह्यातल्या वाळवा-पलूस भागात गाळप हंगामाच्या आधी ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर टेप लावायचीय. मागे लाल, बाजूंना पिवळी, पुढे पांढरी, रुंदी ५० मिमी. गंजावर, धुळीवर चिकटवलेली टेप लगेच सुटते, म्हणून पत्रा तारेच्या ब्रशने घासून, थिनरने पुसून, वाळल्यावरच लावणार.

खरी अडचण वेगळीच. ऊस फाळक्याबाहेर (ट्रॉलीच्या मागच्या फळीबाहेर) लोंबतो, टेप वाढ्यांखाली (उसाच्या शेंड्यांच्या पाल्याखाली) झाकली जाते आणि रात्री मागच्या दुचाकीवाल्याला ट्रॉली दिसतच नाही. मागचे दिवे तर भरतानाच फुटतात, त्यांच्यावर भिस्त नको. लाल कापडाला टेप शिवून उसावर बांधलं, तर कारखान्यात गव्हाणीवर (ऊस टाकायच्या जागी) ट्रॉली खाली होताना ते उसाबरोबर जातं. फाळक्याला साखळीने अडकवून उसावरून बाहेर सोडता येईल असा फलक कुणी केलाय का? माप काय, कापड की रबर? जोड-ट्रॉलीत (एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या) दोन्हींना लावता का?