सत्तरीतल्या वडिलांसाठी स्मार्टवॉच घ्यावे, की चावीचे घड्याळ आणि फोन पुरेसे आहेत?

ताम्हण (खारघर)

नमस्कार. माझे वडील ७० वर्षांचे असून आईच्या निधनानंतर ठाण्यात चरईतल्या जुन्या घरी एकटेच राहतात. प्रकृती एकंदरीत चांगली आहे. रक्तदाबाची एक गोळी सुरू आहे आणि रोज सकाळी तलावपाळीला फेरी मारून आल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. गेल्या महिन्यात मात्र जिना उतरताना त्यांना भोवळ आली. शेजारी मागेच होते, त्यांनी धरले म्हणून निभावले. तेव्हापासून पुण्याच्या भावाने स्मार्टवॉचचा धोशा लावला आहे. माणूस पडला तर घड्याळाला कळते, ते आपोआप फोन लावते, ठोके मोजते, ईसीजीसुद्धा काढते, तेव्हा वीस-पंचवीस हजार गेले तरी हरकत नाही, असे त्याचे म्हणणे आहे. मी त्यातल्या त्यात जवळ, पण खारघरहून थेट ठाण्याची लोकल मिळाली तरी दारापासून दारापर्यंत तास-सव्वा तास लागतोच.

अडचण अशी की बाबांच्या मनगटावर नोकरी लागल्यावर घेतलेले एचएमटीचे चावीचे घड्याळ आहे आणि ते उतरवायला ते तयार नाहीत. फोन अँड्रॉइड आहे, पण घरात असताना तो बहुतेक वेळ टीव्हीशेजारी चार्जिंगला लावलेला असतो. अशा माणसाला स्मार्टवॉचचा खरोखर उपयोग होईल का, की तेवढ्या पैशांत दुसरे काही करणे शहाणपणाचे ठरेल? ज्यांच्या घरी ज्येष्ठ मंडळी असे घड्याळ वापरत आहेत, त्यांनी कृपया लिहावे.

लीड वन (वाशी)

मी हृदयरोग विभागात तंत्रज्ञ म्हणून काम करतो, त्यामुळे माझे उत्तर थोडे लांबेल. घड्याळाचा विचार नंतर करा, आधी भोवळीचा करा. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या या वयाच्या माणसाला भोवळ येते, तेव्हा आधी झोपवून रक्तदाब मोजायचा असतो आणि मग उभे करून पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजायचा असतो. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर गोळीची मात्रा किंवा ती घेण्याची वेळ डॉक्टरांना बदलावी लागू शकते. हे काम मनगटावरचे कोणतेही घड्याळ करणार नाही. काही घड्याळे रक्तदाब दाखवतात हे खरे, पण सॅमसंगचेच उदाहरण घेतले, तर ते दंडाला पट्टा बांधायच्या यंत्राशी दर २८ दिवसांनी जुळवून घ्यावे लागते. म्हणजे ते यंत्र घरात हवेच, आणि ते असेल तर रक्तदाब त्याच्यावरच मोजलेला बरा.

आता ठोक्यांविषयी. घड्याळाच्या पाठीला जे हिरवे दिवे लुकलुकतात, त्यांचा प्रकाश रक्त शोषून घेते. प्रत्येक ठोक्याबरोबर मनगटातले रक्त किंचित वाढते, परत येणारा प्रकाश तितकाच घटतो आणि या चढउतारावरून ठोके मोजले जातात. प्राणवायूच्या मोजणीसाठी तांबडा आणि अवरक्त प्रकाश वापरतात. तत्त्व पक्के आहे, मात्र यंत्राला दिसतो तो फक्त परतलेला प्रकाश, आणि तो कशावरून परतला याची खात्री स्वस्त घड्याळे फारशी करून घेत नाहीत. आमच्या विभागात एकाने आपले दोन हजारांचे घड्याळ गंमत म्हणून पालथ्या पेल्याला बांधले, तर त्याने पेल्याचे ठोके ७८ दाखवले! चांगल्या घड्याळातही पट्टा सैल असेल, हात हलत असेल किंवा हात गार पडलेला असेल, तर आकडा भरकटतो.

ईसीजीची गोष्ट वेगळी आहे. घड्याळ एका हातावर असते, दुसऱ्या हाताचे बोट त्याच्या कडेला टेकवून ३० सेकंद स्वस्थ बसायचे, की दोन हातांमधला एक आलेख मिळतो. आम्ही दहा इलेक्ट्रोड लावून बारा बाजूंनी आलेख काढतो, तेव्हा कुठे हृदयविकाराच्या झटक्याविषयी काही बोलता येते, आणि तेही रक्ततपासणीची जोड घेऊन. म्हणून हे नीट लक्षात ठेवा, की घड्याळाला हृदयविकाराचा झटका ओळखता येत नाही, आणि ही सूचना ॲपल कंपनीने स्वतःच दिलेली आहे. छातीत दुखत असताना घड्याळावर ‘सर्व ठीक’ वाचून घरी बसून राहणे हा या उपकरणाचा सर्वांत मोठा धोका आहे, असे माझे मत आहे.

एक उपयोग मात्र खरा आहे. एट्रियल फिब्रिलेशन नावाचा ठोक्यांचा अनियमितपणा वयानुसार वाढत जातो, कित्येकांना त्याची काहीच जाणीव होत नाही आणि त्यातून रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. आम्ही होल्टर, म्हणजे ठोक्यांची सतत नोंद घेणारे लहान यंत्र, लावतो ते एक-दोन दिवसांसाठी. नेमक्या त्याच दिवशी ठोके सुरळीत असले, तर हाती काहीच लागत नाही. घड्याळही अखंड पाहारा देत नाही, अधूनमधून तपासते, पण ते महिनोन्महिने हातावर असल्याने कधीतरी गाठ पडण्याची शक्यता वाढते. ज्यांचे निदान आधीच झालेले आहे, त्यांच्यासाठी अनियमित ठोक्यांची सूचना देणारी ॲपलची सोय नाही. तुमच्या वडिलांचे तसे निदान झालेले दिसत नाही, त्यामुळे त्यांना अशी सोय उपयोगी पडू शकेल.

जाता जाता एक. सुई न टोचता रक्तातली साखर सांगणारे म्हणून जे घड्याळ विकायला येते, ते घेऊ नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये अशा घड्याळांविरुद्ध जाहीर इशारा दिलेला आहे.

सेक्टर-पन्नासचे काका (नेरूळ)

मी तुमच्या वडिलांच्याच वयाचा, ७१ वर्षांचा आहे. वर सगळी चर्चा वडिलांविषयी चालली आहे. त्यांना स्वतःला काय हवे आहे हे कोणी विचारले आहे का? माझ्या मुलाने मला न विचारता घड्याळ आणले, तेव्हा ते बरेच दिवस कपाटात पडून होते. पुढे मी ते वापरू लागलो, तो ईसीजीसाठी नव्हे. ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या तळ्याभोवती सकाळी फिरताना फोन खिशात असतो आणि तो वाजल्याचे मला ऐकू येत नाही. घड्याळ मनगटाला थरथरून सांगते. माझ्यापुरती एवढीच त्याची किंमत आहे आणि ती मला पुरेशी वाटते.

दोन गोष्टी दुकानातच पाहून घ्या. पहिली, अक्षरांचा आकार चष्म्याशिवाय वाचता येईल इतका वाढतो का. दुसरी, एक मराठी संदेश त्यावर पाठवून पाहा; स्वस्त घड्याळांवर जोडाक्षरे फुटतात किंवा नुसते चौकोन उमटतात. चार्जिंग मी संध्याकाळच्या बातम्या ऐकताना करतो. त्याची वेळ ठरलेली नसेल, तर घड्याळ हातावर राहत नाही.

तिसरा काटा (ठाणे)

स्टेशनच्या परिसरात आमचे घड्याळदुरुस्तीचे दुकान आहे, तेव्हा त्या एचएमटीविषयी लिहितो. एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये घड्याळे बनवायला सुरुवात केली आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने हा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्यास मंजुरी दिली. तरीही ‘जनता’सारखे सतरा ज्वेलचे घड्याळ आज कोणाही जुन्या कारागिराकडे दुरुस्त होते. मशीन उघडायचे, पेट्रोलमध्ये धुवायचे, तेल द्यायचे. एखादा भाग गेला असेल तर निकामी घड्याळातून काढून बसवायचा. वडिलांना एवढेच सांगा, की चावी देताना घड्याळ हातावरून उतरवावे, कारण हातावर असताना दिली की चावीची दांडी तिरकी ओढली जाते आणि पुढे तीच तुटते. (ऑनलाइन विकली जाणारी ‘नवीकोरी’ एचएमटी घड्याळे बहुधा तबकडी नव्याने रंगवलेली असतात, हे यानिमित्ताने सांगून ठेवतो.)

वेळेच्या अचूकतेसाठी स्मार्टवॉच घेणे व्यर्थ आहे. चावीचे घड्याळ दिवसाला काही सेकंद, जुने झाले तर अर्धा मिनिटही मागेपुढे होते. परंतु साधे सेलचे क्वार्ट्झ घड्याळ, ज्यातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, महिन्याला पंधरा-वीस सेकंदांपेक्षा सहसा जास्त चुकत नाही आणि एका सेलवर दोन वर्षे चालते.

आमच्याकडे येणाऱ्या स्मार्टवॉचची व्यथा निराळी असते. ती गोंदाने बंद केलेली असतात. तीन-चार वर्षांत आतली बॅटरी थकते, कधी फुगून पडदा वर उचलते. बॅटरी बदलायची तर सगळे उकलावे लागते आणि नंतर पाण्यापासून बचावाची हमी मी तरी देत नाही. तुमचा भाऊ जे वीस-पंचवीस हजार म्हणतो आहे, ते त्याने एवढ्याच वर्षांवर विभागून पाहावेत.

पारसिक (कळवा)

मुद्दा पडण्याचा आहे, तर त्यावरच बोलतो. पडल्याचे ओळखणारे घड्याळ प्रथम धक्का ओळखते, मग मनगटावर थरथरून ‘ठीक आहात का’ असे विचारते आणि सुमारे मिनिटभर उत्तर आले नाही, तर मदतीसाठी फोन लावते किंवा ठरवून दिलेल्या माणसांना निरोप पाठवते. हे होण्यासाठी सर्वसाधारणपणे एकतर फोन ब्लूटूथच्या टप्प्यात असायला हवा किंवा घड्याळात स्वतःचे ई-सिम, म्हणजे स्वतंत्र मोबाइल जोडणी, हवी, जिचे भाडे वेगळे पडते. चरईतल्या जुन्या इमारतींच्या जाड भिंती लक्षात घेता, टीव्हीशेजारचा फोन मागच्या खोलीतल्या घड्याळाला सापडेल असे धरून चालू नका. दोन्ही हातात घेऊन घरभर फिरून पाहा. शिवाय ॲपलचे घड्याळ आयफोनशिवाय चालत नाही आणि सॅमसंगच्या अलीकडच्या घड्याळांना अँड्रॉइड फोनच लागतो. त्यांचे ईसीजी आणि रक्तदाब तर सॅमसंगच्याच फोनवर चालतात. म्हणजे एका घड्याळापायी फोनही बदलण्याची वेळ येऊ शकते.

याहून महत्त्वाचे असे, की घरात ज्येष्ठ माणूस पडण्याची जी जागा सर्वांना ठाऊक आहे, त्या न्हाणीघरात घड्याळ असते कुठे? ही घड्याळे पाणी सोसतात, पण साबणाने त्यांची रबरे खराब होतात असे उत्पादकच सांगतात, त्यामुळे बहुतेक जण आंघोळीला जाताना ते काढूनच ठेवतात. तेव्हा न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडा, खाली न घसरणारी चटई आणि रात्री पेटता राहणारा एक लहान दिवा, ही खरेदी घड्याळाच्या आधी व्हायला हवी. ती घड्याळाच्या मानाने स्वस्तही पडते.

फोनलाही कमी लेखू नका. २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाइलमध्ये संकटकाळचे बटण असणे सक्तीचे आहे. साध्या फोनमध्ये ५ किंवा ९ चा आकडा दाबून धरायचा असतो, स्मार्टफोनमध्ये पॉवरचे बटण भराभर दाबायचे असते, आणि फोन ११२ या आपत्कालीन क्रमांकाला लागतो. सेटिंगमध्ये जाऊन तुमचा आणि शेजाऱ्यांचा क्रमांक त्यात घाला आणि वडिलांकडून त्याचा सराव करून घ्या, मात्र ११२ ला नाहक फोन जाणार नाही याची काळजी घ्या.

शेवटी हेही ठरवा, की निरोप आला तर तो घेणार कोण. पुण्याच्या भावाला रात्री दोन वाजता घड्याळाने ‘वडील पडले’ असे कळवले, तर तो शेजाऱ्यांनाच फोन करणार. घराची एक किल्ली त्या शेजाऱ्यांकडे आहे का? नसेल, तर घड्याळ आपले काम चोख बजावेल आणि दार बंदच राहील.

ताम्हण (खारघर)

सर्वांचे आभार. किल्ली शेजाऱ्यांकडे नव्हती. रविवारी देऊन आले, आणि न्हाणीघरातल्या दांड्यासाठी सुताराशी बोलणेही झाले. डॉक्टरांची वेळ या शुक्रवारची आहे. काकांचे ऐकून बाबांना सरळ विचारले, तेव्हा ते म्हणाले की फिरताना फोन ऐकू येत नाही ही तक्रार त्यांचीही आहे, पण एचएमटी डाव्या हातावरून हलणार नाही. नवे यायचे असेल तर उजव्या हातावर येऊ दे. भावाच्या मते उजवा हात सतत हलत असल्याने घड्याळ चुका करील. असे काही असते का?

लीड वन (वाशी)

काही अंशी भाऊ बरोबर आहे. कामाच्या हाताची हालचाल जास्त असते, त्यामुळे चालताना किंवा काम करताना ठोक्यांचा आकडा थोडा इकडेतिकडे होईल आणि टाळी वाजवली, टेबलावर हात आपटला, की पडल्याचा खोटा इशारा येण्याची शक्यताही वाढेल. स्वस्थ बसून घेतलेल्या मोजणीत त्याने फारसा फरक पडत नाही. तेव्हा उजव्या हातावर अवश्य घालू द्या. हातावर असलेले घड्याळ खोक्यातल्या घड्याळापेक्षा केव्हाही बरे. पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर बांधावा, करकचून नको. सेटिंगमध्ये ‘उजवे मनगट’ हा पर्याय मात्र आठवणीने निवडा, कारण तो डावा राहिला तर ईसीजीचा आलेख उलटा उमटतो आणि तो पाहणारे डॉक्टर नाहक बुचकळ्यात पडतात.