पदक तिचं, बातमी कुणाची?

क्रीडावेडी: २०१६, रिओ ऑलिंपिक. अमेरिकेच्या कोरी कॉगडेलने ट्रॅप नेमबाजीत (हवेत उडवलेल्या तबकड्या टिपण्याचा प्रकार) कांस्यपदक मिळवलं. शिकागोच्या एका मोठ्या वृत्तपत्राने ट्विट केलं, ते असं की बेअर्स या अमेरिकन फुटबॉल संघातल्या एका खेळाडूच्या बायकोने कांस्य जिंकलं. नाव नाही, खेळही नाही! त्याच रिओत हंगेरीच्या कातिन्का होस्सूने पोहण्यात ४०० मीटर वैयक्तिक मेडलीचा विश्वविक्रम मोडला, तर समालोचकाने श्रेय दिलं तिच्या नवऱ्याला. हे वाचून अजूनही माझा संताप होतो.

रात्रपाळी: मी क्रीडापान लावतो, म्हणून दुसरी बाजू सांगतो. होस्सूचा नवरा तिचा प्रशिक्षकही होता. प्रशिक्षकाचं कौतुक पुरुषांच्या शर्यतीतही होतंच की. आणि कॉगडेल किती वाचकांना माहीत होती? बेअर्स सगळ्या शहराला माहीत. ओळखीचं काही दिसलं तरच वाचक थांबतो. यात आकस नाही.

क्रीडावेडी: पण ओळख व्हायची कशी? नावच छापलं नाही तर पुढच्या वेळीही ती अनोळखीच राहणार. तिचं हे दुसरं ऑलिंपिक पदक होतं, पहिलं २००८ चं.

बॅकहँड: मला वाटतं, यात नुसत्या मानापमानाचा प्रश्न नाही, बातमी चुकते. २०१७ च्या विम्बल्डनमध्ये सॅम क्वेरीने अँडी मरेला हरवलं. पत्रकार म्हणाला, २००९ नंतर ग्रँड स्लॅमची उपांत्य फेरी गाठणारा हा पहिलाच अमेरिकन खेळाडू. मरेने तिथल्या तिथे दुरुस्त केलं: पुरुष खेळाडू. २००९ नंतर अमेरिकेच्या एकट्या सेरेना विल्यम्सने विम्बल्डनच चार वेळा जिंकलं होतं! हरून आलेल्या माणसाला जे आठवलं, ते पत्रकाराला आठवू नये?

रात्रपाळी: हे मान्य. ही चूकच, आणि आमच्या टेबलावरही अशा चुका निसटतात. पण घरसंसार बातमीतून काढाच म्हणाल तर ते पटत नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये सेरेनाला मुलगी झाली आणि पुढच्या जुलैत ती विम्बल्डनची अंतिम फेरी खेळली. ते बाळंतपण वगळून या बातमीत काय उरेल?

क्रीडावेडी: ते वगळू नकाच. तिच्या शरीराने काय सोसलं आणि ती कोर्टवर कशी परतली, हे सविस्तर लिहा. तो खेळाचाच भाग आहे. पण २०१५ मध्ये मेलबर्नला सामना जिंकून आलेल्या टेनिसपटू युजिनी बुशारला मुलाखतकाराने गिरकी घेऊन पोशाख दाखवायला सांगितलं. त्यात कुठला खेळ होता, रात्रपाळी?